‘बाया टिकत नाहीत’: हिंगण्याच्या एका हार्नेस लाइनचं प्रकरण

२०२२ च्या दिवाळीनंतर नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. ट्रॅक्टर आणि छोट्या मालवाहू गाड्यांना लागणारं वायरिंग हार्नेस तिथं तयार होतं. जून महिन्यात आमच्या संस्थेनं प्रशिक्षण देऊन ३६ बाया तिथं कामाला लावल्या होत्या. दिवाळीपर्यंत त्यांतल्या २१ जणींनी काम सोडलं. मालकांनी हजेरीचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “ताई, तुमच्यावर राग नाही. पण बाया टिकत नाहीत. पुढची बॅच मुलांची द्या.”

ते भांडायला बसलेले नव्हते, हे आधीच सांगते. नवीन हात बसवून वेग यायला या कामात दोन-तीन महिने जातात. वेग आला आणि बाई गेली, की तेवढं शिकवणं वाया जातं. त्यांचं नुकसान खरंच झालं होतं. मला मान्य नव्हतं ते त्यांनी काढलेलं कारण. आणि ते खोडून काढायला तेव्हा माझ्याजवळ काहीच नव्हतं. प्रशिक्षण आणि नोकरी एवढंच आम्ही मोजत होतो. नोकरीनंतर काय होतं, ते विचारतच नव्हतो. ही चूक आमची होती. मी त्यांच्याकडून एक महिना मागून घेतला. कंपनीचं आणि बायांचं नाव इथं मुद्दाम दिलेलं नाही.

काम काय होतं

हार्नेस म्हणजे गाडीभर वीज पोचवणारा वायरींचा जुडगा. आधी वायर मापानं कापतात. मग क्रिम्पिंग प्रेसवर तिच्या टोकाला पितळी टर्मिनल दाबून बसवतात. त्यानंतर लाकडी बोर्डावर खिळ्यांच्या आधारानं वायरी मांडून टेप गुंडाळतात, कनेक्टर लावतात आणि शेवटी सर्किट तपासतात. या कारखान्यात कापणं आणि क्रिम्पिंग पुरुषांकडे होतं, बोर्ड आणि टेपिंग बायांकडे. असं का, हे विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: बायांची बोटं नाजूक चालतात, त्यांना धीर असतो. पण बोटांच्या या गुणाचे पैसे पगारात कुठंच दिसत नव्हते. बोर्डावरच्या सगळ्या बाया ‘हेल्पर’ होत्या, क्रिम्पिंगवरचे सगळे ‘ऑपरेटर’.

बहुतेक बाया डिगडोह, इसासनी, वानाडोंगरी आणि वाडीकडच्या. काही कुटुंबं भंडारा-बालाघाटकडून आलेली. वयं २० ते ३८. दोन-तिघी सोडल्या तर सगळ्यांचं लग्न झालेलं होतं. त्यामुळे ‘लग्न झालं की सोडतात’ हे कारण पहिल्याच दिवशी बाद झालं.

घरोघरी

काम सोडलेल्या २१ पैकी १९ जणींना मी भेटले. दोघी गावी परत गेल्या होत्या. पहिल्या भेटीत जवळपास प्रत्येकीनं एकच सांगितलं, “घरचं जमत नाही ना ताई.” मी तेवढंच लिहून आणलं असतं तर मालकांचंच म्हणणं खरं ठरलं असतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा सोबत कागद नेला नाही. चहा घेत त्यांच्या एका दिवसाचा हिशेब विचारला: किती वाजता उठता, नळ कधी येतो, गेटवर कधी पोचता.

नळ सकाळी साडेसहा ते साडेसातच्या मध्ये कधीतरी यायचा. शिफ्ट आठची. शेअर ऑटोनं पोचायला अर्धा तास, त्यात चौकात ऑटो भरेपर्यंतची वाट. म्हणजे पाणी आणि हजेरी यांतलं एक रोज हातचं सुटायचं. कारखान्याचा नियम असा, की दहा मिनिटांच्या वर उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा. महिन्यात दोनदा उशीर झाला की ९०० रुपयांचा हजेरी भत्ताही जायचा. एका बाईनं सरळ सांगितलं, “पाऊण तास उशीर झाला तं आर्धा दिवस कापते. मंग मी जाऊनच काय करू? घरीच राहतो.” रजिस्टरमध्ये ही बाई ‘न सांगता गैरहजर’ होती.

मग पैशांचा हिशेब मांडला. भत्त्यासकट हातात १०,२०० रुपये यायचे. ऑटोचे रोजचे ४० धरले तर २६ दिवसांचे १,०४० गेले. दोन उशिरांचे कापलेले आणि बुडालेला भत्ता मिळून आणखी साडेबाराशेच्या आसपास. उरले आठ हजारांच्या आत, आणि त्यासाठी सकाळी सव्वासातपासून संध्याकाळपर्यंत घराबाहेर. ओव्हरटाइम असला तर साडेसहा, घरी पोचायला साडेसात. त्यात ओटी (ओव्हरटाइम) ‘सिंगल’, म्हणजे साध्याच दरानं. तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ प्रमाणे तो दुपटीनं द्यावा लागायचा.

आता दुसरी बाजू. काम सोडलेल्या १९ पैकी १३ जणी पुन्हा कमावत होत्या. तिघी-चौघी फॉल-पिको आणि शिलाईवर, एक पापडाच्या कामावर, बाकीच्या धुण्याभांड्यावर. तीन घरांचे प्रत्येकी २,००० म्हणजे सहा हजार. सगळी घरं पायी जाण्याच्या अंतरावर आणि साडेअकराला बाई घरी. म्हणजे कारखान्याचा दिवसभराचा घाम जास्तीत जास्त दोन हजार रुपये वर आणत होता. त्या दोन हजारांसाठी लेकरू, पाणी, सासूची औषधं आणि स्वतःची झोप पणाला लागत होती. या बायांनी हिशेब केला आणि हिशेबात कारखाना हरला. ‘टिकत नाहीत’ या शब्दांत त्यांचा दुबळेपणा गृहीत धरलेला आहे. मला तर त्या घरोघरी चोख गणित दिसलं.

देशाच्या आकडेवारीतही ही गुंतागुंत दिसते. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण) २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. पण ही वाढ मुख्यतः खेड्यांत आणि स्वयंरोजगारात झाली, त्यात घरच्या शेतीत बिनपगारी राबणंही आलं. कारखान्याच्या गेटातून आत जाणाऱ्या बायांची संख्या तशी वाढलेली नाही. देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक एकट्या तमिळनाडूत आहेत. तिथल्या बायाही घरात काही कमी बांधलेल्या नाहीत. तिथं कारखान्यांनी बस आणि वसतिगृहं उभी केली. त्या वसतिगृहांतले निर्बंध हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, पण बाई गेटपर्यंत कशी पोचेल हा प्रश्न कारखान्यानं आपला मानला, एवढं खरं.

जे कोणी पहिल्यांदा सांगितलं नाही

तिसऱ्या भेटीत संडासाची गोष्ट निघाली. आतापर्यंत ती कोणी काढली नव्हती. बायांसाठी दोन संडास, त्यांतलं एक बंद. दुसऱ्याला कुलूप, आणि किल्ली पुरुष सुपरवायझरच्या टेबलावर. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या कारखाने नियमांप्रमाणे दर २५ स्त्रियांमागे एक संडास हवा होता. ठेकेदाराच्या धरून त्या शेडमध्ये साठेक बाया होत्या. किल्ली मागावी लागते म्हणून बाया सकाळी घरून निघताना पाणीच प्यायच्या नाहीत. नागपूरचा जून, वर टिनाची शेड, पंखे गरम हवा फेकणारे, कूलर फक्त ऑफिसात. चौघींना लघवीच्या जळजळीचा त्रास झाला होता. दवाखान्यात गेल्या, दोन दिवस खाडे झाले, भत्ता गेला. एकीचा नवरा म्हणाला, “औषधाले पैसे घालवाले कामाले जातेस का?” तिनं काम सोडलं. रजिस्टरमधलं कारण: ‘घरगुती’.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. प्रशिक्षणाच्या तीन महिन्यांत आम्ही त्यांना बायोडाटा आणि मुलाखत शिकवली होती. संडासाची किल्ली कोणाजवळ असते, हे गेटावर जाऊन एकदाही विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट हळूहळू उलगडली. त्याच जून महिन्यात एक मुलगा हेल्पर म्हणून लागला होता. दिवाळीला तो क्रिम्पिंग प्रेसवर होता, १,५०० रुपये वाढवून. बोर्डावरची सगळ्यात हुशार बाई, जिच्या हातचं हार्नेस कधी परत आलं नाही, ती जूनमध्ये जिथं होती तिथंच राहिली. तिनं काम सोडलं नव्हतं. पण सोडलेल्या तिच्याच घराशेजारच्या होत्या आणि त्यांनी तिच्याकडं पाहूनच ठरवलं होतं, की इथं थांबून पुढं काही नाही.

काय बदललं

महिन्यानं मालकांसमोर बसले. भाषण केलं नाही. हिशेबाचा कागद ठेवला. भेटलेल्या १९ पैकी किती जणी नळ आणि आठच्या शिफ्टमुळे गेल्या, किती संडासामुळे, किती ओटीनंतरच्या अंधारामुळे. एका नव्या बाईला शिकवताना वाया जाणाऱ्या मालाचा आणि दिवसांचा खर्च त्यांच्याच अकाउंटंटकडून काढून घेतला होता. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “एका लाइनवर करून पाहू.”

मी नवी शिफ्ट साडेनऊ ते सहा सुचवली होती. बायांनी ती मोडीत काढली. हिवाळ्यात सहा वाजेपर्यंत अंधारतं आणि गेटापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेवर दिवे नाहीत. त्यांना नऊ ते साडेपाच हवी होती. तीच ठरली. मला सुचलेली वेळ त्यांच्या नळाला सोयीची होती, परतीच्या वाटेला नव्हती. जिला चालायचं आहे तिला विचारल्याशिवाय शिफ्ट ठरवू नये, हे मी तिथं शिकले.

उशिराचा अर्धा दिवस बंद झाला, पंधरा-पंधरा मिनिटांनी पैसे कापायचं ठरलं. कुलूप त्याच संध्याकाळी निघालं. बंद पडलेलं संडास दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. सणांचंही बोललो. पोळा आणि मारबतीनंतर आठ-दहा दिवसांत महालक्ष्म्या (गौरी) येतात. त्या काळात अर्धी लाइन रिकामी राहायची आणि दरवर्षी व्यवस्थापनाला आश्चर्य वाटायचं. महालक्ष्म्यांची तारीख कॅलेंडरमध्ये छापलेली असते. आता त्या आठवड्याचं टार्गेट आधीच्या दोन आठवड्यांत वाटून घेतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला क्रिम्पिंगला. मेंटेनन्सचे फोरमन कामात अत्यंत तयार, वयानं मोठे. त्यांनी स्पष्ट नकार दिला, “कायद्यात बाईला मशिनीवर मनाई आहे.” मी कायदा घेऊन त्यांच्याजवळ बसले. तेव्हाच्या कारखाना अधिनियमाच्या कलम २२ च्या दुसऱ्या पोटकलमात मनाई होती ती चालू यंत्राचे भाग साफ करणं, तेल देणं किंवा जुळवणं यांना. यंत्र चालवायला मनाई नव्हती. ॲप्लिकेटर (प्रेसमधला टर्मिनल दाबणारा साचा) बदलताना तर प्रेस बंदच करावा लागतो, पुरुषानंही. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि म्हणाले, “हे मला कोणी असं वाचून दाखवलं नव्हतं.” पुढच्या सोमवारी त्यांनी दोघींना बोलावलं.

शिकवलं मात्र मनापासून. क्रिम्पची उंची मायक्रोमीटरनं कशी मोजायची, वायर ओढून टर्मिनल किती जोराला निघतं ते कसं तपासायचं, तार तुटलेली दिसली तर आधीचा किती माल बाजूला काढायचा. त्या दोघींपैकी एक, तीच बोर्डावरची हुशार बाई, सहा आठवड्यांत एकटीनं प्रेस सांभाळू लागली. तिचा पगार वाढला. त्याहून मोठी गोष्ट मला रजिस्टरमध्ये दिसली: तिच्या पदापुढं ‘ऑपरेटर’ लिहिलेलं होतं.

सुपरवायझरच्या जागी बाई नेमायची सूचना मालकांना फार नवीन वाटली. नागपूरला ती नवीन नाही. २० जुलै १९४२ ला याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं बोलले. त्या परिषदेनं गिरणी, बिडी, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांसाठी रजा, भरपाई आणि पेन्शन मागितलं. गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच असावी, हीही मागणी त्यात होती. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या एम्प्रेस मिलपासून या शहरात गिरण्यांचे भोंगे वाजले. कापड गिरण्यांत रिलिंग-वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याची, ही बायांची खाती. पुढं नवी यंत्रं आली तशा त्या खात्यांतल्या बाया कमी झाल्या, आणि मग गिरण्याच बंद पडल्या. आमच्या बॅचमधल्या एकीची आजी गिरणीत रिलिंगला होती. तिच्या घरात बाईनं कारखान्यात जाणं ही तीन पिढ्यांची गोष्ट आहे. ‘आपल्याकडच्या बायांना फॅक्टरीची सवय नाही’ असं कोणी म्हटलं की मला तिचं घर आठवतं.

बाई सुपरवायझर अखेर नेमली गेली, पण मदतनीस म्हणून. सही अजून पुरुषाचीच चालते.

जे जमलं नाही

पाळणाघर फसलं. ३० हून जास्त स्त्रिया असल्या की कारखाना अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तेव्हा खोली द्यावी लागायची. मालकांचं म्हणणं होतं, आमच्या रोलवर २२ च आहेत, बाकीच्या ठेकेदाराच्या. पण त्याच कायद्यात कामगाराच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेली व्यक्तीही यायची. हे दाखवल्यावर त्यांनी खोली दिली, पाळणे आले, एक मावशी नेमल्या. पहिल्या आठवड्यात चार लेकरं आली. महिन्याभरात एकही नाही. भरलेल्या ऑटोत मांडीवर दीड वर्षाचं मूल घेऊन उन्हातून यायचं, आणि आत आलं तर शेजारच्या युनिटचा रंगाचा वास. “लेकराले ताप आला तं कोण पाह्यन? मी तं बोर्डावर,” असं एकीनं विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. पाळणाघर वस्तीत हवं होतं. वस्तीत अंगणवाडी आहे, पण ती दुपारीच संपते आणि बाईची शिफ्ट साडेपाचला. अंगणवाडीची वेळ वाढवणं कारखान्याच्या हातात नाही आणि आमच्या तर नाहीच. माझ्या मते या सबंध प्रकरणातली सगळ्यात महाग पडलेली फट हीच.

दुसरं अपयश ठेकेदारीचं. एक बाई गरोदर होती. राज्य कामगार विम्यात (ईएसआय) २६ आठवड्यांचा प्रसूतिलाभ मिळतो. त्यासाठी लगतच्या दोन अंशदान कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, भरलेलं लागतं. तिचे दिवस भरलेले होते. पण मध्येच ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढला. ४१ दिवस एका क्रमांकावर, ३८ दुसऱ्यावर. बेरीज ७९, पण कोणत्याही एका क्रमांकावर ७० नाहीत. अर्ज परत आला. दोन क्रमांक एक करून घेण्यासाठी अर्ज, आधार, दोन्ही ठेकेदारांचे सही-शिक्के. जुना ठेकेदार फोन उचलत नव्हता. पैसे आले तेव्हा मुलगी पाच महिन्यांची झाली होती. तोवर तिनं कानातलं गहाण ठेवलं होतं.

तेव्हापासून आम्ही प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी एक कागद देतो: विमा क्रमांक, पीएफचा यूएएन (कायमचा खातेक्रमांक) आणि रुजू झाल्याची तारीख. बाया तो आधार कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. ठेकेदार बदलला की आधी हा कागद दाखवायचा. साधी गोष्ट आहे, पण सुरुवातीलाच करायला हवी होती.

पुढं

नऊच्या शिफ्टच्या लाइनवर २०२३ च्या जूनमध्ये नव्या-जुन्या मिळून २६ बाया होत्या. त्या वर्षीच्या दिवाळीला त्यांतल्या २१ कामावर होत्या. आधी सोडून गेलेल्यांपैकी सहाजणी परत आल्या होत्या. सहाजणींनी विचारूनही नकार दिला. एक म्हणाली, “आता माझी घरं जमली आहेत. त्या बायांनी मला अडचणीत पैसे दिले, त्यांना कसं सोडू?” मी तिला पुन्हा विचारलं नाही. दुसरी लाइन अजून आठचीच आहे, कारण तिथला माल दुपारच्या गाडीनं जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. आता संमती आणि सुरक्षेच्या अटी पाळून बाईला संध्याकाळी सातनंतरही काम देता येतं, आणि कुठल्याही प्रकारचं काम तिला बंद नाही. बातमी आल्यावर मालकांनी लगेच फोन केला. दुसऱ्या पाळीतल्या प्रेसवर त्यांना आपली ऑपरेटर बाई हवी होती, हजार रुपये जास्त देऊन. पाळी रात्री साडेदहाला सुटते.

मी तिच्या घरी गेले. ती पोरीची वेणी घालत होती. म्हणाली, “मशीन येते मला ताई, कोणतीही द्या. पण साडेदहाले गेटावर गाडी उभी राह्यन का, ते लिहून आणा. तोंडी नको.”

ते लिहून मागण्यासाठी येत्या सोमवारी आम्ही दोघी मालकांकडे जाणार आहोत.